पैलवानाचा मालक कोण?

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा. तुम्ही दहा वर्षांचे आहात. रविवार आहे, दुपारचे साडेबारा वाजलेत आणि तुमच्या पुढ्यात आजीच्या हातची मासवडी आहे. आत तीळखोबऱ्याचं सारण, शेजारी लालभडक रस्सा आणि इंद्रायणीचा वाफाळता भात. पहिला घास तुम्ही तोंडात टाकलाय. आता तो गिळून दाखवा. जमत नाही ना? घास या गालातून त्या गालात फिरतो, पण खाली म्हणून उतरत नाही. कारण घशात आधीच काहीतरी अडकून बसलंय. ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे आणि तुम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही.

चांदे गावातल्या घरात त्या रविवारी गौतमीची हीच गत झाली होती.

पडवीत पंगत बसली होती. समोर मतीन होता. त्याच्या उजव्या पिंढरीला पांढरं बँडेज होतं आणि त्याला मांडी घालता येत नव्हती, म्हणून आजीनं त्याला खुर्ची देऊन ताट स्टुलावर मांडलं होतं. त्याच्या एका अंगाला त्याचे वडील इलाहीचाचा, दुसऱ्या अंगाला त्याची थोरली बहीण निखत. निखत पौडच्या कोर्टात वकिली करायची. तिघं पिरंगुटाहून आले होते ते खरं तर जाब विचारायला. पण आजीच्या, म्हणजे सारजाबाईंच्या घरात जाब विचारायला आलेला माणूसही आधी जेवायचा आणि मग विचारायचा.

"वाढ की गं मतीनला," सारजाबाई गौतमीला म्हणाल्या. "पोराचं किती रगत गेलंय."

"आजी, पायाला चावलाय, पोटाला न्हाई," मतीन हसत म्हणाला. "पोट भरलंय."

इलाहीचाचांनी रश्श्याचा भुरका मारला आणि गौतमीच्या आजोबांकडं, आबांकडं पाहिलं. आबा, म्हणजे हैबतराव, आणि इलाही लहानपणी एकाच तालमीत घुमले होते. त्यामुळं दोघांना एकमेकांशी सरळ बोलताच येत नसे.

"हैबत, पैलवान नाव ठेवलंस, आन् डाव एक शिकिवला न्हाईस? आपण पट काढायचो, पाय धरायचो, तर हातानं. हे तर दातानं धरतंय."

"वस्ताद न्हाई मिळाला रं त्याला," आबा म्हणाले.

गौतमीचा घास जागच्या जागी थांबला. पैलवानाला वस्ताद मिळाला होता, आणि तो वस्ताद फ्रॉक घालून याच पंगतीत बसला होता.

*

पैलवान म्हणजे काळाकभिन्न रॉटवायलर. तीन वर्षांपूर्वी चंद्रकांतकाकानं त्याला टॉवेलात गुंडाळून बाणेरच्या फ्लॅटवर आणलं, तेव्हा तो खरोखर पैलवान होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पिल्लाचा गडी झाला, सोसायटीत कुरबूर सुरू झाली, आणि एका शनिवारी काका त्याला गाडीत घालून चांद्याला घेऊन आला. "राखणीला राहील," म्हणाला. मागं भाड्याच्या अठरा खोल्यांची ओळ होती, राखण कुणालाही पटण्यासारखी होती. हरण्या आणि त्याचा जोडीदार बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. आबांनी पैलवानाला हरण्याच्या खुंट्याला बांधलं, हरण्याच्याच दाव्यानं, हरण्याचीच गाठ मारून.

ती गाठ म्हणजे सुरगाठ. दिसायला घट्ट, पण तिचं एक टोक मोकळं लोंबत असतं. ते ओढलं की एका हिसक्यात सगळी गाठ सुटते. आबा ती डोळे झाकून मारायचे. बैल गेल्यावर त्यांच्या हातांना रोज संध्याकाळी एवढं एकच काम उरलं होतं.

आणि गौतमीनं काय केलं, तर पैलवानाला ते टोक ओढायला शिकवलं.

वाईट हेतूनं नव्हे. गंमत म्हणून. संध्याकाळी आबा देवळाकडं गेले की ती गोठ्यात जायची, हातभर अंतरावर भाकरीचा तुकडा धरायची आणि म्हणायची, "ओढ!" चौथ्या दिवशी पैलवानानं टोक दातात धरलं. सहाव्या दिवशी गाठ सुटली. ती भाकरी द्यायची, त्याच्या मानेला मिठी मारायची आणि दावं पुन्हा जसंच्या तसं बांधायची. सुरगाठ तिलाही येत होती, आबांनीच शिकवली होती. दिवाळीत सगळे जमले की हा खेळ करून दाखवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मतीनचा टेम्पो पाण्याचे जार घेऊन आला. त्या दिवशी "ओढ" कुणीच म्हणालं नाही. पैलवानानं आपल्या मनानंच ओढलं.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. मतीन ओरडला, जार गडगडला, आणि चार नंबरच्या खोलीतला निरंजन दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून बाहेर धावला. त्यानं बादलीभर पाणी पैलवानाच्या तोंडावर फेकलं, मतीनला आत ओढून दार लावून घेतलं. मग नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं साबणानं धुतला आणि त्याला मोटरसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तोवर गौतमीच्या बाबांनी, म्हणजे दयानंदनं, कसंबसं पैलवानाला गोठ्यात कोंडलं होतं.

गौतमी दारात उभी राहून सगळं पाहत होती. खुंट्यापाशी दावं पडलं होतं, न तुटलेलं, न चावलेलं. आबांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "साठ वरसांत माझी गाठ आपसूक सुटली न्हाई. ही कुणीतरी सोडली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आबांच्या आवाजात त्या गाठीचा इतका अभिमान होता, की तिला तोंड उघडवेना. एक दिवस गेला, मग दुसरा. न सांगितलेली गोष्ट रोज थोडी थोडी फुगत जाते, हे गौतमीला त्या दोन दिवसांत कळलं.

*

हात धुऊन झाले. सुपारीचं तबक फिरलं. निखतनं पिशवीतून एक कोरा कागद काढून गुडघ्यावर ठेवला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"आबा, मी घरची म्हणून आलेय, वकील म्हणून नाही," ती म्हणाली. "पोलिसात तक्रार द्यायची की नाही, ते मतीन ठरवेल. तो म्हणतो, लेखी हमी द्या, मी तक्रार देत नाही. म्हणून हा कागद. पहिलंच वाक्य असं आहे, 'मी, अमुक अमुक, पैलवान नावाच्या कुत्र्याचा मालक.' सांगा. मालक कोण?"

उत्तराऐवजी सुपारीचं तबक पुन्हा एकदा फिरलं. एरवी गावात कुणी विचारलं, की "आमचा पैलवान" म्हणून चौघं चार दिशांनी बोलायचे.

"आणला चंदूनं," दयानंद म्हणाला.

"आणला मी, दादा," चंद्रकांतकाका खुर्चीत पुढं सरकला. "पण दोन वर्षं तो राहतोय तुझ्याकडं. तुझ्या खोल्यांची राखण करतोय."

"माझ्या खोल्या? सातबाऱ्यावर दोघांची नावं हायेत की."

"मग निम्मा कुत्रा तुझा."

"निम्मा म्हंजी पुढचा का मागचा?" मतीननं विचारलं. "न्हाई, चावला पुढचा, म्हणून इचारतो."

इलाहीचाचांना ठसकाच लागला. आबा मात्र हसले नाहीत.

"मी निस्ता बांधतो," ते म्हणाले.

"आन् मी निस्ती भाकरी घालते," सारजाबाई आतून म्हणाल्या. "माझं नाव घालू नगा."

निखतनं पेन खाली ठेवलं. "रेबीजची लस कधी दिली होती?"

दयानंदनं चंद्रकांतकडं पाहिलं, चंद्रकांतनं दयानंदकडं. आजीनं डब्यातून कार्ड शोधून आणलं. लसीची तारीख उलटून पाच महिने झाले होते.

"मला वाटलं, तू न्हेलास."

"मला वाटलं, तू."

"बघा," निखत म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. उलट वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसा सावकाश झाला. "कायदा कुत्र्याला काहीच विचारत नाही. तो माणसाला विचारतो. भारतीय न्याय संहितेत कलम दोनशे एक्याण्णव आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होणार नाही, याची पुरेशी काळजी ज्यानं घेतली नाही, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. त्यात 'मला वाटलं' असा शब्द कुठंच नाही."

"पण ही जातच वाईट ना?" काका म्हणाला. "बंदी आली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं."

"ते पत्रक निघालं, कोर्टात गेलं, त्यावर बराच वाद झाला. जातीचं सोडा काका. गावठी कुत्रा मोकळा सोडलात आणि तो चावला, तरी हेच कलम. बैल उधळला, तरी हेच."

"हे बघ निखत, मी तोड काढलीय." काकानं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "ताम्हिणीला मनीषचं फार्महाऊस आहे. मोठा पिंजरा आहे. चार वाजता त्याचा टेम्पो येतोय. कुत्रा गेला, विषय संपला."

गौतमीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वादोन.

"असा नाही संपत," निखत म्हणाली. "चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा असतो. तो आजारी पडतो का, मरतो का, हे डॉक्टरांना कळायला हवं. मतीनच्या जिवाचा प्रश्न आहे तो. आज टेम्पोत घालून पाठवलात, तर कोण बघणार? आणि ताम्हिणीत कुणाला चावला तर? पत्ता बदलेल, दात तेच राहतील."

"खरं बोलतीय पोरगी," दयानंद म्हणाला. आता तो थोरल्या भावाच्या आवाजात बोलला. "न्हाई जायचा तो चार वाजता."

"मग तू घे नाव!"

"आधी तो सुटला कसा, ते लिहू," निखतनं दोघांच्या मधून पेन घातलं. "कारण कळलं नाही, तर काळजी कसली घेणार?"

"सुटला न्हाई," आबा म्हणाले. "सोडला."

"आणि कुणी सोडला, ते मला माहिताय," काका म्हणाला. "त्या चार नंबरवाल्यानं. गुरुवारी संध्याकाळी मी भाडं न्यायला आलो, तेव्हा तो गोठ्यापाशी उभा राहून कुत्र्याचा व्हिडिओ काढत होता, मी स्वतः पाहिला. सकाळी सोडला असणार परत व्हिडिओसाठी, आणि अंगाशी आलं तेव्हा बादली घेऊन धावला. निरंजन! ओ निरंजन, जरा इकडं या."

निरंजन आला. हिंजवडीच्या कंपनीत कामाला होता, मूळचा लातूरकडचा. रविवारी संध्याकाळी तो गौतमीला पायरीवर बसवून अपूर्णांक शिकवायचा, त्यासाठी भाकरीचे तुकडे करायचा आणि उत्तर बरोबर आलं की तुकडा खाऊन टाकायचा.

"भाऊ, या महिनाअखेरीस खोली मोकळी करा," काका म्हणाला.

"का पण, सर?"

"कुत्रा तुम्ही सोडला."

निरंजनचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "व्हिडिओ काढला, ते खरं आहे. बहिणीला दाखवायला. पण गाठीला मी हात लावला नाही. मला तर कळतसुद्धा नाही, ती सुरू कुठून होते ते."

"काका, यानं माझा पाय धुतलाय," मतीन खुर्चीवरून म्हणाला. "माझा इस्वास हाय याच्यावर."

"अरं, ज्यानं पोराला वाचिवलं त्यालाच भाईर काडतोस?" सारजाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "दयानंद, सांग की ह्याला!"

"आई, पण गाठ तर सुटली ना? आबा म्हणतात…"

"आबा म्हणत्यात!" आजी म्हणाल्या. आणि उंबऱ्यातूनच मागं वळल्या. आबांच्या गाठीवर शंका घ्यायची म्हणजे काय, ते त्यांना पन्नास वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. दयानंदनं मान खाली घातली. इलाहीचाचा टोपी काढून तिच्यातली नसलेली धूळ झटकू लागले.

निरंजननं कुणाकडंच पाहिलं नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि वळला.

त्याची पाठ पाहिली आणि गौतमी उठली.

"आबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आबा, पैलवानाला बांधा ना. तुमच्या गाठीनं."

"आत्ता? का गं?"

"बांधा ना. मला दाखवायचंय. निरंजनदादा, तूपण चल."

*

सगळे गोठ्यात गेले. शुक्रवारपासून पैलवान साखळीवर होता. निखतनं उंबऱ्यावरच सगळ्यांना थांबवलं. "साखळी काढायची नाही. दावं वरून बांधा."

आबांनी हरण्याचं दावं घेतलं. एक वेढा, दुसरा वेढा, मग टोक आत घालून अर्ध्यावर सोडलं. गाठ बसली. त्यांनी ओढून पाहिली आणि साऱ्यांकडं वळून पाहिलं. जणू म्हणत होते, सोडवून दाखवा कुणीतरी.

गौतमीनं टोपल्यातून येताना भाकरीचा तुकडा आणला होता. ती साखळीच्या टप्प्याबाहेर उभी राहिली. पैलवानाचे कान टवकारले. त्याला हा खेळ आवडायचा.

तिनं मागं पाहिलं. आबा तिच्याकडंच बघत होते. ती एकदा निरंजनकडं वळली.

"ओढ," ती म्हणाली.

पैलवानानं मान वाकडी केली. लोंबणारं टोक पुढच्या दातांत अलगद धरलं, एखाद्या जाणत्या माणसानं सुईत दोरा ओवावा तसं. एक हिसका दिला. दावं मऊपणे खाली पडलं. मग त्यानं गौतमीकडं पाहिलं आणि भाकरीची वाट पाहत शेपूट हलवली.



"मी शिकवलं," गौतमी म्हणाली. आता शब्द एकामागून एक धावत आले. "दिवाळीत दाखवायचं होतं. तो आपल्या मनानं करील, असं मला वाटलं नव्हतं. निरंजनदादानं काहीच केलं नाही. मतीनदादा, तुला माझ्यामुळं चावला." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भाकरीचा तुकडा तिच्या मुठीत तसाच होता, आणि पैलवान शिस्तीत बसून त्या मुठीकडं बघत होता.

आबा गव्हाणीच्या कडेवर बसले. त्यांनी दावं उचललं आणि बोटांतून फिरवत राहिले.

"हरण्याला बारा वरसं बांधला," ते म्हणाले. "त्याला कदी सुचलं न्हाई."

"हरण्याला कुणी भाकरी दाखवली न्हवती," इलाहीचाचा म्हणाले.

आबांनी मान वर केली. आधी ओठ हलले, मग मिशा हलल्या, आणि मग ते असे हसले की पैलवानसुद्धा दचकला. "इलाही, मागाशी म्हणलो, त्याला वस्ताद न्हाई मिळाला म्हणून. हितं माझ्याच पंगतीत बसला हुता की रं वस्ताद!"

मग ते गंभीर झाले आणि त्यांनी गौतमीला जवळ ओढलं. "इकडं बघ. ही गाठ का मारायची, सांगितलं हुतं का न्हाई तुला?"

"गोठा पेटला तर बैल एका हिसक्यात सुटावा म्हणून," ती हुंदके देत म्हणाली.

"व्हय. जनावराचा जीव वाचावा, म्हणून ही गाठ. पण ज्या जनावरापासनं माणसाला जपायचं, त्याला हीच कशी चालंल? त्याला एका हिसक्यात न सुटणारी पायजे. हे तुला न्हाई कळलं, तुजं वय दहा. मला कळाया पायजे हुतं. मी बैलाची गाठ कुत्र्याला मारत बसलो, हात मोकळा ऱ्हाऊ नये म्हणून." ते उठले. "निखत, आण तो कागद. लिही, हैबतराव भैरू शेडगे."

"आबा, थांबा, माझं नाव लिहा," चंद्रकांतकाका पुढं आला. त्याचे कान लाल झाले होते. "आणला मी होता."

"रोज हितं मी असतो," दयानंद म्हणाला. "माझं लिही."

"मघाशी एक मिळत नव्हता, आता तीन झाले," निखत हसली. पण तिनं पेन आबांपुढंच धरलं. "आबा, एकच विचारते. पन्नास किलोचं जनावर आहे. रस्त्यात त्यानं ओढ घेतली, तर तुम्ही धराल?"

आबांनी पैलवानाकडं पाहिलं. एका पैलवानानं दुसऱ्याचं माप घेतलं.

"दहा वरसांमागं धरला असता," ते म्हणाले. त्यांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं दयानंदच्या हातात दिलं. "तू कर सई. तुज्या हातात बळ हाय."

दयानंदनं गव्हाणीवर कागद ठेवून सही केली. कडीची साखळी, लस, बाहेर नेताना तोंडाला मुसकं, जार येण्याच्या वेळी कुत्रा आत. निखतनं एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

"मुसकं बाजारातनं आणू नगा," आबा मध्येच म्हणाले. "मी विणतो."

"आबा, त्याला पाणी पिता आलं पाहिजे. धापा टाकता आल्या पाहिजेत. नुसतं आवळून चालत नाही."

"मळणीच्या बैलाला कसलं घालत्यात मग? तोंड उघडतं, पाणी प्येतो, कणीस तेवढं घावत न्हाई. कणसाच्या जागी पिंढरी धर." आणि ते लगेच काथ्या शोधायला माळ्याकडं निघाले, वीस वर्षं लहान झाल्यासारखे.

काकानं मनीषला फोन करून टेम्पो नको म्हणून सांगितलं. मग तो निरंजनपाशी जाऊन उभा राहिला. "चहा घेता ना?" शेवटी म्हणाला.

"घेतो," निरंजन म्हणाला. "साखर जास्त."

गौतमी निखतपाशी गेली. "निखतताई, आणि मला काय?"

"तुला? तुला कायदा काही विचारणार नाही. तू लहान आहेस. तुझ्या वतीनं मोठ्यांनी सही केली."

गौतमीला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. "दादा, लई दुखतंय का?" तिनं मतीनला विचारलं.

"सुयांचं काय न्हाई गं. आजून तीन हायेत, घेईन. पण जार उचलताना पिंढरी आशी वढती बघ. अठरा खोल्या, अठरा जार." तो हसला. "व्हईल बरी आठवड्याभरात."

*

सोमवारी सकाळी साडेसहाला टेम्पोचा हॉर्न वाजला. गौतमीची आई अजून उरवड्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून यायची होती आणि दयानंद पैलवानाला भाकरी घालून, मुसकं चढवून नुकताच घरात परतला होता.

गौतमी आधी गोठ्यात गेली. साखळीची कडी हातानं दाबून पाहिली. ती उघडली नाही. दोनदा ओढून पाहिली, तरी नाही. पैलवानाच्या तोंडावर आबांचं नवंकोरं मुसकं होतं आणि तो त्यातून जीभ बाहेर काढून पाणी लपालपा पीत होता. मग तिनं गोठ्याचं दार लावलं, अडसर घातला आणि फाटकाकडं पळाली.

मतीन टेम्पोचं मागचं फळकूट उघडत होता.

"बाजूला हो गं, जड हाय."

"तू नुसता खाली उतरवून दे," ती म्हणाली.

वीस लिटरचा जार तिच्यानं उचलणं शक्यच नव्हतं. तिनं उचललाही नाही. तिनं तो फरशीवर आडवा केला, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि दोन्ही हातांनी ढकलत, लोळवत, ओळीतल्या पहिल्या तीन दारांवरून पुढं नेला. चौथ्या दारापाशी ती थांबली, कपाळावरचा घाम फ्रॉकच्या बाहीनं पुसला आणि कडी वाजवली.